पुलावर सांगितलेली किंमत

सेंट स्टीफन, न्यू ब्रन्सविक
रविवार, १२ मार्च २०२३

ती. व्हर्नाताईस,
धाकट्या डेल्बर्टचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे धडधाकट. नदीचा बर्फ काठाकाठानं सुटायला लागलाय. तुझ्या भावजयीचा, ग्लेनिसचा गुडघा हवामानखात्याच्या दोन दिवस आधी पाऊस सांगतो, त्यामुळे घरात रेडिओ लावायची गरज उरलेली नाही. नदीपलीकडे अमेरिकेत, कॅलसला आमच्या रोवेनाचं बाळ आता आधाराशिवाय बसतं. मी दर शनिवारी पूल ओलांडून जातो, नातवाला बसलेला बघतो आणि परत येतो. सरहद्दीवरच्या झटपट मार्गिकेचा पास आहे म्हणून हे जमतं. जाताना सात मिनिटं, येताना नऊ.

पत्रास कारण, तुझं नळकांडं. आजीच्या मोजे विणायच्या यंत्राचं नळकांडं तडकलं हे वाचून मला आपलंच काही मोडल्यासारखं झालं. पहिल्या महायुद्धात आजीनं त्यावर सैनिकांचे मोजे विणले, पुढे आईनं आपले विणले, मग तू ते मालगाडीनं सस्कॅचवानला नेलंस. इतकं सगळं सोसलेलं लोखंड तुझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून तडकावं याला काय म्हणायचं. चिकटवायच्या भानगडीत पडू नकोस. बहात्तर सुयांच्या बहात्तर खाचा, त्यातली एक केसभर सरकली तरी सुई अडकते.

मी शोध लावलाय. व्हरमाँटमधल्या एका डोंगराळ गावात ऑर्सन पाइक नावाचे म्हातारबा अशी नळकांडी आजही स्वतः कातून देतात. मी फोन केला. म्हणाले, कॅनडात पाठवत नाही, एकदा पाठवलेलं खोकं सरहद्दीवरून सहा फॉर्म चिकटून परत आलं तेव्हापासून कानाला खडा. अमेरिकेतला पत्ता असेल तर बोला. मी म्हटलं, आहे. कॅलसच्या पार्सलघरात पाच डॉलरला एक खोकं सांभाळतात. तिथे पाठवा, पुढचं माझ्यावर सोडा. किंमत टपालासकट तीनशे पंच्याऐंशी अमेरिकन डॉलर. ती मी भरतोय. तू पैशाचा विषय काढायचा नाहीस.

आता माझी बातमी. गावच्या लायब्ररीनं १३ मेला माझं भाषण ठेवलंय. विषय, ‘नदीपलीकडची खरेदी आणि आपली कार्डं’. नववीत शाळा सोडलेल्या, बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाचं भाषण, तेही खुर्च्या मांडून. टिपणं सोबत जोडली आहेत. तुझी लाल शाई फिरव. जंगलातल्या लाकूडतोडीच्या छावणीतून तुला पहिलं पत्र टाकलं ते तू छत्तीस चुका काढून परत पाठवलंस, तेव्हापासून तुझी लाल शाई हेच माझं कॉलेज.

लोभ आहे तेवढा पुरे, चुका तेवढ्या कमी निघोत.
तुझा,
डेल्बर्ट

~

शॉनव्हन, सस्कॅचवान
शुक्रवार, २४ मार्च २०२३

चि. डेल्बर्टास,
अनेक आशीर्वाद, आणि अकरा चुका.

टिपणं परत पाठवते आहे. अकरापैकी सात स्वल्पविराम आहेत, ते मी मोठ्या मनानं माफ करते. बाकीच्या चारांत ‘बँक तुम्हाला मूर्ख समजते’ हे वाक्य आहे. खरं असलं तरी लायब्ररीत बोलू नये, पहिल्या रांगेत बँकेची मॅनेजर बसलेली असते.

पण मजकूर उत्तम आहे रे. निळ्या कार्डाचं उदाहरण मला पहिल्यांदाच नीट कळलं. कार्ड दोन टक्के परत देतं म्हणून आपण खूश होऊन पलीकडे वापरतो, आणि तेच कार्ड परदेशी चलनावर गुपचूप अडीच टक्के कापतं. अर्धा टक्का आपण बँकेलाच बक्षीस देऊन येतो. मी दहा वर्षं मोंटानाला जाऊन हे बक्षीस वाटत होते. इथल्या बायकांना वाचून दाखवलं. इर्माचा चेहरा पडला. तिनं मागच्या वर्षी फ्रीज आणला होता.

पंपाचं कोडंही त्यांना आवडलं. अमेरिकेतला पंप पाच आकडी पिनकोड मागतो आणि आपला पडतो अर्धा अक्षरांचा. तर अक्षरं गाळायची, उरलेले तीन आकडे घ्यायचे, पुढे दोन शून्यं जोडायची. हे तू स्वतः शोधलंस यावर इर्माचा विश्वास नाही. मी म्हटलं, माझ्या भावानं पंपापुढे उभं राहून चाळीस मिनिटं आकडे बदलून पाहिले होते, मागे रांग शिव्या देत होती, तेवढा चिवटपणा सस्कॅचवानात कुणाकडे नाही.

आता यंत्राचं. मला ते घाईनं का हवंय ते ऐक. माझी जुनी शाळा जूनमध्ये बंद होते आहे. मुलं तीस किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत जातील. तुला माहीत आहे, बारावी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला मी माझ्या हातचा एक जोड देते, टाच शाळेच्या मरून रंगाची. तीस वर्षं एकही मूल सुटलं नाही, निवृत्त झाल्यावरही नाही. यंदाची तुकडी शेवटची, अकरा मुलं, निरोपाचा समारंभ २३ जूनला. हातानं विणावं तर बोटं ऐकत नाहीत. यंत्र नसेल तर शेवटची अकरा मुलं रिकाम्या हातानं जातील, आणि तीस वर्षांचं माझं गणित शेवटच्या ओळीत चुकेल.

म्हणून एक सांगते, तुला राग येईल. पुलावर फार खरेपणा करत बसू नकोस. सीटखाली ठेव आणि ये. सगळे करतात. अर्डिथ आत्या जुलै महिन्यात दोन हिवाळी कोट एकावर एक घालून पूल ओलांडून आली होती. अधिकाऱ्यानं विचारलं तर म्हणाली, हाडांत थंडी मुरलीय. तू पैसे भरणार, वर पंधरा टक्के करही भरणार, आणि माझ्याकडून छदाम घेणार नाहीस, हे मला झोपू देत नाही. सोबत चारशेचा चेक आहे. तो तू फाडशील हेही ठाऊक आहे. म्हणून माझ्या परीनं तुझा भार थोडा हलका व्हावा अशी एक तजवीज केली आहे. काय ते विचारू नकोस.

ग्लेनिसच्या गुडघ्याला माझा नमस्कार. आशीर्वाद नेहमीचेच, लाल शाईही नेहमीचीच.
तुझी ताई,
व्हर्ना

~

सेंट स्टीफन
शनिवार, ८ एप्रिल २०२३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चेक फाडला. दोन तुकडे सोबत पाठवतोय, मोजून घे.

पाइकबाबांना ३ एप्रिलला फोनवरून पैसे दिले. पांढरं कार्ड वापरलं. पांढऱ्याला वार्षिक फी नाही, परदेशी चलनावर ते काही कापत नाही, आणि दोन टक्के परत देतं. म्हातारबांनी मला विचारलं, तुमच्या डॉलरमध्ये घेऊ की आमच्या? हा प्रश्न फार गोड असतो आणि त्याचं उत्तर एकच, तुमच्या, म्हणजे अमेरिकन. आपल्या डॉलरमध्ये घ्या म्हटलं की मधला कुणीतरी स्वतःचा दर लावतो आणि जेवून जातो. त्या दिवशीचा दर एकास एक पस्तीस पडला, म्हणजे आपले पाचशे एकोणीस डॉलर पंच्याहत्तर सेंट. परत मिळाले दहा डॉलर चाळीस सेंट. पत्ता पडताळायला त्यांच्या मशीननं पाच आकडे मागितलेच. मी ३१७०० सांगितले, पहिल्या झटक्यात मान्य. तुमच्या शॉनव्हनचे आकडे शून्य, दोन, शून्य, वर आणखी दोन शून्यं. सपाट प्रदेश म्हणतात तो हाच. तुमच्याकडे शून्याला काही तोटा नाही.

आता सीटखालचं. ताई, तू मोठी आहेस म्हणून गप्प बसलो असतो, पण बसवत नाही. मी पहिल्यांदा पूल ओलांडला तेव्हा मी वर्षाचाही नव्हतो. एकटा जायला लागलो त्याला एकेचाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्या खिडकीत मी खोटं बोललेलो नाही. एकदा चीजचा एक तुकडा सांगायचा राहिला, घरी आल्यावर पिशवीत सापडला, तर गाडी फिरवून परत गेलो आणि सांगितला. अधिकारी म्हणाला, साहेब, जा आणि खा. गावात हसले. हसू देत. ज्यांच्याकडे भिंतीवर लावायला कागद असतो त्यांचं एक असतं. माझ्याकडे लावायला तेवढंच आहे, डेल्बर्ट क्रूकशँक पुलावर सांगतो तीच किंमत. ती मी नळकांड्यासाठी मोडणार नाही, आजीच्या यंत्राच्या नळकांड्यासाठी तर नाहीच. आणि भाषणात लोकांना काय सांगू? खरं सांगा, मी सोडून?

तुझी तजवीज काय ते विचारत नाही, कारण तू विचारू नकोस म्हणालीस.

अकरा मुलं म्हणजे बावीस मोजे. एक जोड विणायला यंत्रावर किती वेळ लागतो ग? टाच वेगळ्या रंगाची असली की धागा मध्ये तोडावा लागतो का? सहज विचारतो. मी तो जोड कधी जवळून पाहिलेला नाही.

लोभ ठेवावा, चेक ठेवू नये.
तुझा,
डेल्बर्ट

~

सेंट स्टीफन
रविवार, ३० एप्रिल २०२३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नळकांडं उद्या सकाळी टपालात पडेल, दुहेरी खोक्यात, मध्ये वर्तमानपत्र कोंबून. ते पोचेल, काळजी करू नकोस. पण काल पुलावर जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. रात्रभर मी ते मनात लिहून काढलंय.

आपल्याकडचे अकरा, पलीकडचे दहा वाजले होते. पार्सलघरातून खोकं घेतलं, बाळाला बघितलं, पुलावर आलो. खिडकीत थेरियो बाई होत्या. अकरा वर्षं नोकरीत आहेत, मला नावानं ओळखतात. नेहमीचं विचारलं. मी म्हटलं, एक लोखंडी नळकांडं, अमेरिकेत घडवलेलं, किंमत तीनशे पंच्याऐंशी अमेरिकन, एक डझन अंडी, आणि बाळानं माझ्या खिशात घातलेलं अर्धं बिस्किट. बाई हसल्या. कर घ्यायला आत बोलावलं. आतल्या टेबलावर नियमाप्रमाणे खोकं उघडलं. आत वर पावती होती. पाइकबाबांच्या हातची, ठसठशीत अक्षरात. ‘जुना नमुना. किंमत चाळीस डॉलर.’

ताई, बाईंनी पावतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पावतीकडे पाहिलं. म्हणाल्या की कागदावर चाळीस आहे आणि मी तीनशे पंच्याऐंशी सांगतोय. मी म्हटलं, कारण तीनशे पंच्याऐंशीच आहे. त्या म्हणाल्या, अकरा वर्षांत किंमत कमी सांगणारे त्यांनी हजारानं पाहिले, जास्त सांगणारा एकही नाही, आणि ज्याचं कारण कळत नाही त्याचीच त्यांना भीती वाटते. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही तिथे असतो तर हेच म्हटलं असतं. मग साहेबांना बोलावलं. गाडी उघडली. अंड्यांचा डबा उघडला. नळकांड्यातून विजेरीचा झोत टाकून पाहिला. माझा पास काढून घेतला आणि ट्रेमध्ये ठेवला. मी त्या बाकावर बसलो जिथे लोक बसलेले मी एकेचाळीस वर्षं बाहेरून पाहत आलोय. मिस्टर डगनची बायको करभरणा करायला आली होती, तिनं मला तिथे बसलेलं पाहिलं. सव्वा तासात अख्ख्या गावाला कळलं असणार.

साहेबांनी सांगितलं की खोकं ठेवून घ्यावं लागेल, चौकशीला सहा ते आठ आठवडे. मी मनात मोजलं. सहा आठवडे म्हणजे १० जून, आठ म्हणजे २४. तुझा समारंभ २३ ला.

तेव्हा मला फाइल आठवली. भाषणासाठी मी सहा महिन्यांची कार्डांची विवरणं छापून गाडीत ठेवली होती. आणायची परवानगी मागितली. एप्रिलच्या पांढऱ्या कार्डाची ओळ दाखवली. व्हरमाँट, पाचशे एकोणीस पंच्याहत्तर. साहेब म्हणाले, ही दुसऱ्या कुठल्या वस्तूची कशावरून नसेल. मी म्हटलं, ओळीवर दुकानाचं नाव आहे, तेच पावतीवर आहे, आणि ते गृहस्थ नळकांड्यांशिवाय काही विकत नाहीत, फोन लावून बघा. मग त्याखालची ओळ दाखवली. परत मिळालेले दहा डॉलर चाळीस सेंट. तेव्हा मी जे बोललो ते मला अजून बरं वाटतंय, म्हणून जसंच्या तसं लिहितो. “साहेब, माणूस कागदावर वाटेल ते लिहील. पण चाळीस डॉलरच्या वस्तूवर बँक कुणाला दहा डॉलर परत देत नाही.”

साहेबांनी गणकयंत्र काढलं. दोनदा केलं. मग व्हरमाँटला फोन लावला, पण शनिवारी म्हातारबा उचलत नाहीत. शेवटी खोकं सोडलं. कर सत्त्याहत्तर डॉलर शहाण्णव सेंट. तो भरायला मी हिरवं कार्ड काढलं, कारण या महिन्यात हिरवं सरकारी भरण्यावरही एक टक्का देतं, तर थेरियो बाईंना हसू आवरेना. पण पास परत मिळाला नाही. साहेबांचं म्हणणं पडलं की खोट्या पावतीचा कागद नोंदीत गेलाय, तीन आठवड्यांत वरून पत्र येईल, तोवर लांबची रांग. बाळाकडे जायला आता सव्वा तास लागेल. ते मी सोसेन. पण १३ तारखेला लोकांपुढे उभा राहीन तेव्हा सगळ्यांना डगनबाईंनी पाहिलेला तो बाक दिसत असेल.

पाइकबाबांना मी आज रात्री पत्र लिहिणार आहे. अशा माणसानं, इतकं सुरेख लोखंड कातणाऱ्यानं, खोटं का लिहावं? माझं डोकं चालत नाही.

यंत्र चालू झालं की कळव.
लोभ आहेच, बाकी काही राहिलंय की नाही ते तीन आठवड्यांनी कळेल.
डेल्बर्ट

~

शॉनव्हन
मंगळवार, ९ मे २०२३

चि. डेल्बर्टास,

आज आधी आशीर्वाद लिहवत नाहीत. पाइकांना पत्र टाकलं नसशील तर टाकू नकोस. टाकलं असशील तर आज फोन करून माफी माग. ती पावती मी लिहायला लावली.

हीच माझी तजवीज. यंत्राच्या सुयांबद्दल मी त्यांना पत्र लिहिलं तेव्हा खाली विनंती केली, की माझा भाऊ माझ्याकडून पैसे घेत नाही, त्याचा कर तरी वाचावा, तर पावतीवर किंमत कमी लिहा. म्हातारा बिचारा नको म्हणत होता. मी दुसरं पत्र लिहिलं, त्यात शाळामास्तरणीचा आवाज लावला. तो आवाज कुणाला नाही म्हणू देत नाही, तुला ठाऊकच आहे.

मला वाटलं तू पुलावर जाशील, अधिकारी पावती पाहतील, चाळीस डॉलरवर कर घेतील, आणि तुला कळायच्या आत सगळं होऊन जाईल. पावती खोक्याच्या आत असते आणि तू खोकं उघडायच्या आधी तोंडानं किंमत सांगतोस, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सगळं जग आधी कागद पाहतं आणि मग तोंड उघडतं. माझा भाऊ तसा नाही हे इतर कुणी विसरलं तर चालेल. मी विसरले.

पस्तीस वर्षं मी मुलांना कॉपी करताना पकडलं. घाबरलेल्या मुलाला मी एकच सांगायचे, की जे केलंस ते ज्याचं नुकसान झालं त्याच्यापुढे जाऊन स्वतः सांग. म्हणून पुलावरच्या साहेबांना मी आज सहीचं पत्र टाकलंय. पाइकांना लिहिलेल्या दोन्ही पत्रांच्या नकला जोडल्या आहेत. लिहिलंय की दोष माझा, वय त्रेसष्ट, पेशा शिक्षिका, आणि ज्या माणसाला तुम्ही बाकावर बसवलंत त्याला तीनशे नव्वद डॉलरची वस्तू चाळीसची म्हणून सांगता आली असती आणि तुम्हाला कळलंही नसतं. त्याचा पास परत करा.

नळकांडं काल पोचलं. बसवलं. बहात्तर सुया एकदाही अडकल्या नाहीत. पहिला मोजा उतरवला तेव्हा मी खुर्चीत बसून थोडी रडले, मोज्यासाठी नव्हे.

टाचेचं विचारलं होतंस. हो, धागा तोडावा लागतो आणि मरून धागा गाठ न मारता जोडावा लागतो, गाठ टोचते. एका जोडाला सव्वा तास.

तुझ्या भाषणाआधी पोचावं म्हणून हे जलद टपालानं टाकते आहे. भाषणाला मी नसेन. पण पहिल्या रांगेत आहे असं समज, आणि हातात लाल पेन नाही असंही समज.
तुझी,
व्हर्ना

ता. क. ग्लेनिसला सांग, मला फोन कर म्हणावं. तुझ्याशी काम नाही.

~

सेंट स्टीफन
रविवार, २१ मे २०२३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उत्तर लिहिलं नाही. बॉयलरवर गेलो, सगळे वाफेचे पाइप पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसले. तिसऱ्या दिवशी फोरमननं विचारलं की राजाबिजा येणार आहे का. तेव्हा घरी येऊन तुझं पत्र परत वाचलं.

पाइकबाबांना फोन केला. माफी त्यांनीच मागितली. म्हणाले, तुमच्या बहिणीचं दुसरं पत्र वाचताना मला दुसरीतल्या बाई आठवल्या.

१३ तारखेचं सांगतो. खुर्च्या पन्नास मांडल्या होत्या, माणसं त्रेसष्ट आली. तेरा उभी राहिली. डगनबाई पहिल्या रांगेत होत्या. मी टिपणं बाजूला ठेवली आणि आधी बाकावरची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. पावती कुणी लिहायला लावली तेवढं सांगितलं नाही. ते माझ्या घरचं आहे. म्हटलं, नदीपलीकडची खरेदी शिकायची तर पहिला धडा, कुठलं कार्ड काय देतं हा नव्हे. पहिला धडा हा, की तुमच्या तोंडची किंमत आणि तुमच्या कार्डावरची किंमत एकच असू द्या, म्हणजे मधला कागद काहीही बोलला तरी तुम्हाला घाम फुटत नाही. मग निळं, पांढरं, हिरवं, पंपाचे आकडे, ‘तुमच्या की आमच्या’. दीड तास झाला. शेवटी मागच्या भिंतीशी एक बाई उभ्या होत्या त्यांनी हात वर केला. साध्या कपड्यांत मी ओळखलंच नाही. थेरियो बाई. त्यांना विचारायचं होतं की सरकारी भरण्यावर एक टक्का देणारं ते हिरवं कार्ड कुठल्या बँकेचं.

परवा वरून पत्र आलं. नोंदीत काही डाग नाही, पास परत. सोबत तुझ्या पत्राची पोच आहे. साहेबांनी हातानं एक ओळ लिहिलीय, की असं पत्र त्यांच्या खात्यात पहिल्यांदाच आलं आणि ते त्यांनी फळ्यावर लावलंय. म्हणजे तुझा गुन्हा आता सरकारी भिंतीवर आहे. माझं काहीही भिंतीवर नाही. हे तुझं नेहमीचंच.

तुझं पत्र सोबत परत पाठवतोय. एक चूक सापडली, निळ्या पेन्सिलीनं खूण केलीय. तू ‘तीनशे नव्वद’ लिहिलंयस. तीनशे पंच्याऐंशी. बाकी पत्रात मला चूक दिसली नाही. मी तीनदा पाहिलं.

ग्लेनिसनं तुला फोनवर काय सांगितलं ते तिनं लपवलं, पण ती माझे बूट हातात घेऊन पट्टी शोधत होती. कशासाठी ते विचारत नाही. पण माप कुणी घेत असेल तर नीट घ्यावं. नंबर साडेदहा, डावा पाय पाऊण सेंटिमीटरनं लांब.

लोभ होता तेवढाच आहे, सेंटचाही फरक नाही.
तुझा,
डेल्बर्ट

~

शॉनव्हन
सोमवार, २६ जून २०२३

चि. डेल्बर्टास,
अनेक अनेक आशीर्वाद.

समारंभ झाला. वारा इतका होता की मुलांच्या टोप्या शेजारच्या शेतात गेल्या. अकरा जणांना अकरा जोड दिले. शाळेची घंटा इर्मानं वाजवली, कारण मला वाजवता येईना. घरी आल्यावर यंत्र पुसलं. मग पुन्हा धागा ओवला.

सोबत एक खोकं आहे. देशातल्या देशात पाठवताना जाहीर करायचा कागद लागत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी लावलाय. तू शिकवलंस, की किंमत आधी सांगावी.

‘आतील वस्तू: मोज्यांचा एक जोड, राखाडी, टाच मरून. डावा पाऊण सेंटिमीटरनं मोठा.
कुठे बनला: आजीच्या यंत्रावर.
कुणासाठी: बारावी पूर्ण करणाऱ्यांच्या यादीतला शेवटचा विद्यार्थी, डेल्बर्ट क्रूकशँक.
खरी किंमत: दहावी, अकरावी आणि बारावी. बाबांचा पाय झाडाखाली सापडला त्या १९८२ सालात भावानं शाळा सोडून, बाबांच्या जागी जंगलात कामाला जाऊन भरली, बहिणीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष बुडू नये म्हणून. बहिणीनं ती आजवर कुठेही जाहीर केली नव्हती.
वरील मजकूर खरा आहे. सही, व्हर्ना क्रूकशँक, शिक्षिका.’

लाल शाई संपली. दुसरी आणणार नाही.
तुझी,
ताई

~

सेंट स्टीफन
रविवार, ९ जुलै २०२३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. माप बरोबर. गाठ कुठेही टोचत नाही, मी आत हात घालून पाहिलं. तुझा कागद ग्लेनिसनं चौकट करून भिंतीवर लावलाय, माझा भिंतीवरचा पहिलाच कागद.

काल तीस अंश ऊन होतं. तरी मोजे घालून बाळाकडे गेलो. येताना खिडकीत थेरियो बाई होत्या. विचारलं, काही जाहीर करायचंय का. मी म्हटलं, मोज्यांचा एक जोड. त्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, कुठे घेतले. मी म्हटलं, इथेच, कॅनडात, सस्कॅचवानला विणलेत. तर म्हणाल्या, मग सांगायची गरज नाही, डेल्बर्ट.

मी म्हटलं, “माहीत आहे. तरी सांगतो.”

मागे नऊ गाड्या होत्या. खऱ्या किमतीसकट पूर्ण सांगितलं.

तुझा,
डेल्बर्ट